करोनाकाळातील औषधी जाहिराती आणि १९५४ चा कायदा

करोनाच्या साथीत औषधांच्या व पूरक आहारांच्या जाहिरातींनी जे दावे केले, त्यांना आळा घालणारा कायदा देशात नव्हता, असा एक समज आहे. वस्तुतः असा कायदा तेव्हा ६६ वर्षांचा होता. तो अपुरा का पडला, हे समजण्यासाठी तो कशासाठी केला गेला आणि कोणत्या शब्दांवर उभा आहे, हे आधी पाहावे लागते.

१९४० च्या औषधविषयक कायद्याचा भर औषधाची निर्मिती, विक्री आणि दर्जा यांवर होता. वर्तमानपत्रांतून गुप्तरोग, वंध्यत्व, मासिक पाळीच्या तक्रारी आणि 'शक्तिवर्धन' यांवरील रामबाण उपायांच्या ज्या जाहिराती छापून येत, त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी १९५४ मध्ये 'औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा' संमत झाला. या कायद्याच्या व्याख्येत 'जादुई उपचार' म्हणजे ताईत, मंत्र, कवच आणि अद्भुत शक्तीच्या नावाने खपवली जाणारी अशीच अन्य साधने होत. त्याचे कलम ३ आजही लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे, कारण ते औषध गुणकारी आहे की नाही, हा प्रश्नच विचारत नाही. ठरावीक आजारांवरील औषधाची जनतेपुढे जाहिरातच करायची नाही, इतके सरळ बंधन त्यात आहे. रुग्णाने जाहिरात वाचून स्वतःच स्वतःवर उपचार करू नयेत, हा त्यामागचा विचार होता. खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या दाव्यांसाठी वेगळे कलम ४ आहे.

या कायद्याला पहिले मोठे आव्हान 'हमदर्द दवाखाना' या युनानी औषधे बनवणाऱ्या संस्थेने दिले. डिसेंबर १९५९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा व्यापारी जाहिरातीला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण नाकारले. मात्र नियमांद्वारे हवा तो आजार यादीत घालण्याची सरकारला दिलेली मोकळीक घटनाबाह्य ठरवली. परिणामी १९६३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि आजारांची अनुसूची कायद्यालाच जोडली गेली. मधुमेह, कर्करोग, अंधत्व, पक्षाघात, लठ्ठपणा अशा ५४ नोंदी तिच्यात आहेत. 'सर्वसाधारण ताप' ही नोंदही आहे. यादीत नाव असलेल्या आजाराबाबत कायदा कडक; यादीबाहेरच्या आजाराबाबत मात्र दावा खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कारवाई करणाऱ्यावर येते. शिक्षा पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि पुढच्या गुन्ह्याला वर्षापर्यंत कैद, इतकीच राहिली.

दरम्यान जाहिरातीचे जग बदलले. १९८५ मध्ये मुंबईत जाहिरात उद्योगाने 'ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया' ही स्वयंनियमन संस्था स्थापन केली आणि २००६ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांतून तिच्या संहितेला दूरचित्रवाणीपुरता कायद्याचा आधार मिळाला. १९९५ च्या 'टाटा प्रेस' निकालात सर्वोच्च न्यायालयाने व्यापारी जाहिरातही अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येते, असे मान्य केले; फसव्या जाहिरातीला मात्र ते संरक्षण मिळत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये औषध नियमावलीत नियम १७० आला. त्यानुसार आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी औषधाच्या जाहिरातीला राज्याच्या परवाना प्राधिकाऱ्याची पूर्वमंजुरी आवश्यक ठरली. उत्पादकांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. या नियमाची पुढची गोष्ट साथीनंतरच्या काळातली आहे.

फेब्रुवारी २०२० च्या आरंभी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९५४ च्या कायद्यातील दुरुस्तीचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध केला. आजारांची यादी ५४ वरून ७८ वर न्यावी, पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद व १० लाखांपर्यंत दंड आणि पुनरावृत्तीला पाच वर्षे व ५० लाख अशी शिक्षा असावी, आणि डिजिटल माध्यमांतील जाहिरातीही व्याख्येत याव्यात, असे त्यात सुचवले होते. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने करोना ही महासाथ असल्याचे जाहीर केले. ज्या काळासाठी हा मसुदा जणू बेतलेला होता, त्या संपूर्ण काळात तो मसुदाच राहिला.

साथीच्या पहिल्या महिन्यांतील जाहिराती ढोबळ होत्या. मार्च २०२० मध्ये एका गुजराती वर्तमानपत्रात करोनाविरोधी गादीची जाहिरात आली आणि भिवंडीतील त्या उत्पादकावर गुन्हा नोंदवला गेला. अशा दाव्याला हसणे सोपे असते. कपडे, भिंतीचे रंग, लॅमिनेट आणि फरशी पुसण्याची द्रव्ये यांच्या जाहिरातींतील '९९.९ टक्के विषाणू नष्ट' हा दावा अधिक चिवट होता, कारण त्यामागे बहुधा एखादी प्रयोगशाळेतली चाचणी असे. ती चाचणी विशिष्ट पृष्ठभागावर, विशिष्ट विषाणूवर आणि अनेकदा काही तासांच्या संपर्कानंतर केलेली असे. करोनाचा प्रसार मात्र प्रामुख्याने श्वासावाटे होणाऱ्या संसर्गातून होत होता. म्हणजे आकडा खोटा नव्हता. त्यावरून ग्राहकाने जो निष्कर्ष काढावा अशी अपेक्षा होती, तो खोटा होता. फसव्या जाहिरातीचा हा प्रकार पकडण्यास सर्वांत कठीण.

औषधांच्या बाबतीत हेच काम 'प्रतिकारशक्ती' या शब्दाने केले. 'बरे करते' असे म्हटले की कायदा आडवा येतो. 'प्रतिकारशक्ती वाढवते' असे म्हटले की कोणत्याही आजाराचे नाव घेतलेलेच नसते. वाचणारा मात्र त्या वर्षी दुसऱ्या कोणत्या आजाराचा विचार करणार होता? प्रतिकारशक्ती ही थर्मामीटरने मोजावी अशी एक राशी नाही. ती अनेक पेशी आणि रसायनांची गुंतागुंतीची व्यवस्था आहे, त्यामुळे 'वाढली' या विधानाचा नेमका अर्थ काय, हेच सांगता येत नाही. ते सिद्ध करणे अवघड, तसे खोडून काढणेही अवघड.

या शब्दाला प्रतिष्ठा केवळ कंपन्यांनी दिली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जानेवारी २०२० च्या अखेरीस आयुष (आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी आदी पद्धतींच्या) मंत्रालयाने 'आर्सेनिकम अल्बम ३०' हे होमिओपॅथिक औषध प्रतिबंधक म्हणून सुचवले होते, आणि १४ एप्रिलच्या पंतप्रधानांच्या भाषणात प्रतिकारशक्तीसाठी आयुष मंत्रालयाच्या सूचना पाळण्याचे आवाहन होते. त्याच मंत्रालयाने १ एप्रिलला राज्यांना करोनावरील उपचाराच्या आयुष दाव्यांची प्रसिद्धी थांबवण्याचा आदेशही दिला होता. सरकार एका हाताने दावे रोखत होते आणि दुसऱ्या हाताने त्यांना शब्द पुरवत होते, असे आज मागे वळून पाहताना म्हणावे लागते.

'कोरोनिल' प्रकरणात हे सारे एकत्र आले. २३ जून २०२० रोजी हरिद्वारमध्ये पतंजलीने ते औषध बाजारात आणताना तीन दिवसांत ६९ टक्के आणि सात दिवसांत १०० टक्के रुग्ण बरे झाल्याचा दावा केला. करोनाचे सौम्य लक्षणांचे बहुसंख्य रुग्ण औषधाविनाही बरे होत होते, हे ध्यानात घेतले की अशा टक्केवारीचे वजन कमी होते. मंत्रालयाने त्याच दिवशी जाहिरात थांबवण्यास सांगितले. कंपनीने परवाना प्रतिकारशक्ती, खोकला आणि तापासाठी मागितला होता, असे उत्तराखंडच्या परवाना अधिकाऱ्यांनी स्पष्ट केले. आठवडाभरात तडजोड निघाली: औषध विकता येईल, पण 'उपचार' म्हणून नव्हे. फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन केंद्रीय मंत्र्यांच्या उपस्थितीत ते पुन्हा सादर झाले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणपत्र योजनेचा उल्लेख अशा रीतीने झाला, की करोनावरील कोणत्याही पारंपरिक औषधाच्या परिणामकारकतेची आपण तपासणी केलेली नाही वा ती प्रमाणित केलेली नाही, असा खुलासा त्या संघटनेला करावा लागला. या औषधाबाबत लोकांच्या भीतीचा फायदा घेतल्याचा ठपका मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी ऑगस्ट २०२० मध्येच ठेवला होता, पण तो 'कोरोनिल' या नावाच्या व्यापारचिन्हाच्या (ट्रेडमार्कच्या) खटल्यात! औद्योगिक रसायने बनवणाऱ्या चेन्नईच्या कंपनीने तो दाखल केला होता आणि खंडपीठाने पुढे त्या आदेशाला स्थगिती दिली. आरोग्याचा प्रश्न असा आडवाटेने न्यायालयात पोहोचला, हेही त्या वेळच्या अंमलबजावणीविषयी काही सांगते.

साथीच्या मध्यावरच नवे साधन हाती आले होते. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. फसव्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत, पुनरावृत्तीला ५० लाखांपर्यंत दंड आणि जाहिरातीत झळकणाऱ्या व्यक्तीवरही जबाबदारी, ही त्याची वैशिष्ट्ये. जून २०२२ मध्ये प्राधिकरणाने सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे काढली.

तरीही निर्णायक धक्का ऑगस्ट २०२२ मधील इंडियन मेडिकल असोसिएशनच्या याचिकेतून बसला. ॲलोपॅथी आणि लसीकरणाविरुद्धच्या पतंजलीच्या प्रचाराबाबत ती याचिका होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतंजलीकडून अशा जाहिराती न करण्याचे आश्वासन घेतले. ते मोडल्याचे दिसताच फेब्रुवारी २०२४ मध्ये अवमानाची नोटीस निघाली. एप्रिलमध्ये वर्तमानपत्रांतून माफीनामे छापले गेले आणि उत्तराखंडने १४ उत्पादनांचे परवाने निलंबित केले. ७ मे २०२४ च्या आदेशाने प्रत्येक जाहिरातीपूर्वी स्वयंघोषणापत्र सक्तीचे झाले. जुलैमध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने ते अन्न व आरोग्य क्षेत्रापुरते मर्यादित केले. अवमानाची कारवाई ऑगस्टमध्ये माफी स्वीकारून बंद झाली.

याच सुनावणीत नियम १७० पुन्हा पुढे आला. आयुष मंत्रालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यांना या नियमाखाली कारवाई करू नये, असे पत्र पाठवले होते आणि १ जुलै २०२४ ला तो नियमच वगळला. न्यायालयाने जवळपास दोन महिन्यांनी, २७ ऑगस्टला, त्या वगळण्याला स्थगिती दिली. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या खंडपीठाने १९५४ च्या कायद्याखालील तक्रारींसाठी सर्व राज्यांनी दोन महिन्यांत यंत्रणा उभारावी, असा आदेश दिला. कायदा होऊन तेव्हा ७१ वर्षे होत आली होती. ११ ऑगस्ट २०२५ रोजी मूळ याचिका निकाली निघाली, नियम १७० वगळण्यावरील स्थगिती उठली, आणि आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांच्या जाहिरातींवरील पूर्वमंजुरीची अट संपुष्टात आली.