लाय डिटेक्टर नोकरीला लावला की खोटं पकडलं जातंच?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या चहाच्या टपरीवर, खानापूर-निपाणीकडच्या भरतीच्या पोरांत एक गोष्ट कायम ऐकू येते: "मोठ्या नोकरीला लाय डिटेक्टर लावतात, मशीन खोटं सोडत नाही की ओ!"

सोडतं. पॉलिग्राफ, म्हणजे हेच लाय डिटेक्टर मशीन, खोटं मोजतच नाही. छातीभोवतीचे पट्टे श्वास टिपतात, दंडावरची पट्टी रक्तदाब, बोटांना लावलेले इलेक्ट्रोड घाम. घाबरलेल्या प्रामाणिक पोराचा आलेख खोटारड्यासारखाच दिसू शकतो. निर्ढावलेला मात्र सुटतो: सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेतला आल्ड्रिच एम्स सोव्हिएतांसाठी हेरगिरी करत असताना १९८६ आणि १९९१ या दोन्ही चाचण्या पास झाला.

भरतीत तर गणितच उलटं बसतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं २००३च्या अहवालात हिशेब मांडला: दहा हजारांत दहा हेर असतील आणि त्यातले आठ पकडायचे, तर सोबत सुमारे १६०० निर्दोष अडकतात. तिथल्या बहुतेक खासगी मालकांना ही चाचणी १९८८च्या कायद्यानं बंद आहे. (सरकारनं स्वतःला वगळलं, हे ओघानं आलंच.)

आपल्याकडे 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली सक्तीची पॉलिग्राफ घटनाबाह्य ठरवली. निकाल गुन्ह्याच्या तपासाबद्दलचा, नोकरीचा नव्हे, हे कबूल. पण संशयितावरही जिथं सक्ती नाही, तिथं उमेदवारानं निमूट पट्टे का बांधून घ्यावेत? संमतीच्या कागदावर सही मागितली तर आधी तो वाचायचा. कन्नड वाचता येत नसेल तर मराठी किंवा इंग्रजी प्रत मागायची.