मूलपेशीदान: पाठीतल्या सुईची भीती कुठून आली

नाशिकच्या कॉलेजांत गालाच्या आतून स्वॅब घेऊन मूलपेशींच्या (मज्जेतल्या, रक्त तयार करणाऱ्या पेशींच्या) दात्यांची नोंदणी करताना एक प्रश्न ठरलेला: "पाठीच्या कण्यात सुई घालतात ना?" निम्मा घोळ शब्दाचा आहे. मज्जारज्जू कण्यात, अस्थिमज्जा हाडांच्या पोकळीत. 'मज्जा' मात्र दोन्हींत. उरलेला घोळ इतिहासाचा.

१९५७ मध्ये अमेरिकेत डोनॉल थॉमस यांनी रुग्णांना शिरेतून अस्थिमज्जा दिली, पण ती टिकली नाही. १९५८ मध्ये पॅरिसला जाँ दोसे यांना पहिले एचएलए प्रतिजन (पेशींवरची ओळखखूण) सापडले आणि शरीर परक्या पेशी का नाकारते, ते उलगडू लागले. भारतात पहिले प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात झाले. तेव्हा वाट एकच होती: भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा ओढायची. कण्याला हात लागत नसे, तरी दाता पाठ धरूनच घरी यायचा.

सख्ख्या भावंडाशी एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्केच. म्हणून अनोळखी दात्यांच्या नोंदवह्या निघाल्या: लंडनमध्ये १९७४, चेन्नईत 'दात्री' २००९.

खरा बदल नव्वदच्या दशकात झाला. जी-सीएसएफ या इंजेक्शनाने मूलपेशी मज्जेतून रक्तात उतरतात. डोस साधारण किलोमागे १० मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या दात्याला रोज ३०० च्या दोन कुप्या, चार-पाच दिवस. हाडे ठणकतात, डोके दुखते, पॅरासिटामॉल पुरते. पाचव्या दिवशी एका हातातून रक्त मशीनमध्ये जाते, पेशी वेगळ्या होतात, बाकीचे दुसऱ्या हातात परत. चार ते सहा तास. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट दिलेल्यांना हे मशीन ओळखीचेच. रक्त गोठू नये म्हणून घातलेले सायट्रेट कॅल्शियम बांधते, म्हणून ओठांना मुंग्या येतात. लगेच सांगावे, वेग कमी करतात, कॅल्शियम देतात.

थॅलेसेमियासारख्या आजारांत आजही अनेकदा हाडातलीच मज्जा मागतात. ती किलोमागे जास्तीत जास्त २० मिली काढतात आणि चार-सहा आठवड्यांत भरून येते. कंबर आठवडाभर कुरकुरते.

घात होतो तो वेगळ्याच ठिकाणी. दानाच्या आठवडाभर आधीपासून रुग्णाची स्वतःची मज्जा केमोथेरपीने नष्ट करतात. त्यानंतर दात्याच्या घरच्यांनी "नको" म्हटले, तर रुग्णाला मागे फिरता येत नाही. त्यामुळे घरातली ही चर्चा स्वॅब देण्याआधीच उरकावी.