डिस्क इमेजची पार्श्वभूमी: उघडणे सोपे, बदलणे अवघड

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील फोटो स्टुडिओ, वाचनालये, नाट्यमंडळे आणि येळ्ळूर, कडोली, उचगाव यांसारखी मराठी साहित्य संमेलने भरवणारी गावे यांच्याकडे जुन्या सीडी-डीव्हीडींचा साठा कमी नाही. नव्या लॅपटॉपमध्ये सीडी ड्राइव्हच नसल्यामुळे हे सारे आता डिस्क इमेजच्या रूपात, म्हणजे संपूर्ण डिस्कची एकच फाइल करून, जपून ठेवावे लागते. मग ती फाइल उघडण्यासाठी आणि तिच्यात फेरफार करण्यासाठी कोणते फुकट सॉफ्टवेअर घ्यावे, हा प्रश्न येतो. तो सहसा एकच प्रश्न म्हणून विचारला जातो आणि गोंधळ तिथेच होतो. इमेज माउंट करणे, म्हणजे फाइल खरी डिस्क घातल्यासारखी उघडणे, आणि इमेजमध्ये बदल करणे या दोन कामांचा इतिहास वेगवेगळा आहे. पहिले काम आज विंडोज आणि लिनक्समध्ये आपोआप मिळते, तर दुसऱ्यासाठी आजही साधन शोधावे लागते. याचे कारण समजण्यासाठी 1980 च्या दशकापर्यंत मागे जावे लागते.

फिलिप्स आणि सोनी यांची गाण्यांची सीडी 1982 मध्ये बाजारात आली आणि त्याच चकतीवर संगणकाची माहिती साठवण्याचे तपशील पुढच्याच वर्षी ठरले. त्या तपशिलांत सेक्टर, म्हणजे माहितीचा ठरावीक आकाराचा तुकडा, कसा असावा हे होते, पण फाइली आणि फोल्डर कसे मांडावेत हे नव्हते. त्यामुळे प्रत्येक कंपनी आपली मांडणी वापरू लागली आणि एकाची सीडी दुसऱ्याला वाचता येईना. यावर तोडगा काढण्यासाठी अनेक कंपन्यांचे प्रतिनिधी 1985 मध्ये अमेरिकेतील लेक ताहोजवळच्या हाय सिएरा या हॉटेलात जमले. त्यांच्या आराखड्यालाही हॉटेलचेच नाव पडले आणि थोड्या बदलांनंतर 1988 मध्ये तो आयएसओ 9660 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या रूपाने प्रसिद्ध झाला. आपण ज्या फाइलला सरसकट ‘आयएसओ’ म्हणतो तिचे नाव या मानकावरून आले आहे.

हे मानक कोणत्याही एका संगणकाच्या बाजूने झुकू नये याची काळजी घेण्यात आली होती. इंटेलचे प्रोसेसर मोठ्या संख्येतील बाइट एका क्रमाने ठेवत आणि मोटोरोलाचे नेमके उलट्या क्रमाने. म्हणून फाइलचा आकार, तिची जागा अशा महत्त्वाच्या संख्या आयएसओ 9660 मध्ये दोन्ही क्रमांनी, शेजारीशेजारी लिहिल्या जातात. दुकानाच्या पाटीवर एकच नाव दोन लिप्यांत असावे, तसा हा प्रकार आहे. सीमाभागातल्या माणसाला तो समजावून सांगावा लागू नये. फरक इतकाच की तिथे त्यावरून कोणी मोर्चा काढला नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सीडी ही एकदा दाबून तयार होणारी आणि नंतर केवळ वाचली जाणारी वस्तू आहे, हे मानक करणाऱ्यांनी गृहीत धरले होते. पहिले 16 सेक्टर मोकळे सोडून, त्यानंतर डिस्कची ओळख सांगणारी नोंद, मग फोल्डरांच्या याद्या आणि मग फाइली एकीला एक लागून ठेवल्या जातात. हार्ड डिस्कवर कोणती जागा रिकामी आहे याचा हिशेब सतत ठेवलेला असतो, तसा हिशेब इथे नाहीच, कारण नवे काही लिहिले जाण्याची अपेक्षा नव्हती. मधली एक फाइल थोडी जरी वाढली तरी तिला त्या जागी बसता येत नाही. तिला शेवटी न्यावे लागते किंवा पुढच्या सगळ्या फाइली सरकवून प्रत्येकीचा पत्ता नव्याने लिहावा लागतो. इमेजमध्ये ‘संपादन’ करणारी साधने बहुतेक वेळा संपूर्ण इमेज नव्याने बांधत असतात, ती यामुळेच.

नावांचा प्रश्न मराठी आणि कन्नड वापरणाऱ्यांना विशेष जवळचा आहे. मूळ मानकाच्या पहिल्या पातळीवर फाइलच्या नावाला आठ अक्षरे, विस्ताराला तीन, आणि तीही केवळ इंग्रजी कॅपिटल अक्षरे, आकडे व अधोरेषा एवढीच मुभा होती. युनिक्सवाल्यांनी रॉक रिज नावाची पुरवणी जोडली, तर मायक्रोसॉफ्टने विंडोज 95 च्या काळात जोलिएट आणली, आणि जोलिएटमुळे देवनागरी नावाची फाइल सीडीवर तशीच्या तशी जाऊ लागली. पण जोलिएटची मर्यादा 64 चिन्हांची आहे आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. डोळ्यांना तीनच अक्षरे दिसणारे ‘श्रीकृष्ण’ तिथे नऊ चिन्हांचे होते. संमेलनाचे नाव, वर्ष, सत्र आणि वक्ता असे सगळे एका नावात कोंबणाऱ्या फाइलीचे शेपूट इमेज बनवताना तुटते, त्याचे मूळ इथे आहे. साधन निवडताना जोलिएट आणि रॉक रिज या दोन्ही पुरवण्या ते लिहिते का, हे म्हणूनच पाहिले पाहिजे. ज्या साधनात हा पर्याय दिसतच नाही ते मराठी साठ्यासाठी सोडून द्यावे, असे माझे मत आहे.

या भागात सीडीला जे महत्त्व आले ते इंटरनेटच्या गतीमुळे. 56 केबीपीएसच्या डायलअपवर 700 एमबीची एक इमेज उतरवायला, लाइन एकदाही तुटली नाही असे धरले तरी, एका दिवसाहून अधिक वेळ लागला असता. त्यामुळे सॉफ्टवेअर येत असे ते पीसीक्वेस्ट किंवा डिजिट यांसारख्या मासिकांसोबतच्या सीडींवरून, मित्राने राइट करून दिलेल्या चकतीवरून, आणि 2005 ते 2011 या काळात उबंटू या लिनक्स प्रणालीने घरपोच फुकट पाठवलेल्या सीडींवरून. केंद्र सरकारच्या टीडीआयएल उपक्रमातून 2005 पासून भारतीय भाषांच्या सीडीही विनामूल्य वाटल्या गेल्या. सुरुवात तमिळ व हिंदीने झाली आणि पुढे मराठी व कन्नड यांचाही त्यांत समावेश झाला. 2005 मध्ये बीएसएनएलचे 256 केबीपीएस ब्रॉडबँड आले तेव्हा तीच इमेज कागदोपत्री सुमारे सहा तासांत उतरू लागली, आणि काही योजनांत रात्री 2 ते सकाळी 8 हा वेळ मोजला जात नसल्यामुळे एका रात्रीत एक सीडी असे गणित बसले. आयएसओ हा शब्द इंजिनिअरिंगच्या मुलांच्या तोंडी रुळला तो या सुमारास.

माउंट करण्याची गरज मात्र विंडोजवर मुख्यत्वे संगणकावरच्या खेळांमुळे निर्माण झाली. लिनक्समध्ये फाइललाच डिस्क मानण्याची लूप डिव्हाइसची सोय 1990 च्या दशकापासून होती. विंडोजमध्ये तशी सोय नव्हती आणि खेळाची सीडी ड्राइव्हमध्ये असल्याखेरीज तो सुरू होत नसे. 2000 मध्ये आलेल्या डेमन टूल्सने आभासी ड्राइव्ह दाखवून ही अडचण दूर केली. त्याच काळात प्रत्येक राइटिंग प्रोग्रॅमने आपापली इमेजची जात काढली: सीडीआरविनची बिन-क्यू, क्लोनसीडीची सीसीडी, नीरोची एनआरजी, अल्कोहोलची एमडीएस-एमडीएफ. डेमन टूल्सची फुकट आवृत्ती पुढे जाहिरातींच्या जोडप्रोग्रॅमसह येऊ लागली आणि व्हर्च्युअल क्लोनड्राइव्ह व मुक्तस्रोत विनसीडीईमू हे सुटसुटीत पर्याय पुढे आले. विंडोज 7 मध्ये इमेज बर्न करता, म्हणजे चकतीवर लिहिता, येत होती, उघडता येत नव्हती. 2012 च्या विंडोज 8 मध्ये आयएसओवर दोनदा क्लिक करताच ड्राइव्ह दिसू लागला आणि साध्या आयएसओपुरता हा प्रश्न मिटला. त्या सोयीचा गैरवापरही झाला. इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज जो इशाऱ्याचा शिक्का मारते तो आयएसओच्या आतल्या फाइलींपर्यंत पोहोचत नसल्याने मेलमधून आयएसओ पाठवणारे हल्लेखोर वाढले, आणि मायक्रोसॉफ्टने ही फट नोव्हेंबर 2022 मध्ये बुजवली.

संपादनाची कथा निराळी आहे. विंडोजवर ते काम अल्ट्राआयएसओ, पॉवरआयएसओ अशा विकत घ्यायच्या प्रोग्रॅमांकडे राहिले. त्यांच्या चाचणी आवृत्त्यांत 300 एमबीची मर्यादा असते. म्हणजे पूर्ण भरलेल्या सीडीला ती पुरत नाही, डीव्हीडीचे तर नावच नको. सेव्हन-झिप आयएसओ उघडून फाइली बाहेर काढते, परत लिहीत नाही. इमेजबर्न हे 2005 मधले फुकट साधन फाइलींपासून नवी इमेज उत्तम बनवते, पण त्याची शेवटची आवृत्ती 2013 ची आहे आणि तिच्या इन्स्टॉलरमध्ये जाहिरातबाज जोडप्रोग्रॅम होते, म्हणून ते बसवताना प्रत्येक पडद्यावरची खूण वाचूनच पुढे जावे.

मुक्तस्रोत जगात याचा पाया 1993 मध्ये एरिक यंगडेल यांनी लिहिलेल्या, फाइलींपासून इमेज बनवणाऱ्या एमकेआयएसओएफएसने घातला. ते पुढे यॉर्ग शिलिंग यांच्या सीडीआरटूल्स या संचात गेले. त्या संचाच्या परवान्यावरून वाद होऊन 2006 मध्ये डेबियन या लिनक्स प्रकल्पाने सीडीआरकिट ही वेगळी शाखा काढली, आणि जेनआयसोइमेज हे नाव तिथून आले. नंतर आलेले झोरिसो हे खऱ्या अर्थाने संपादनाचे साधन म्हणता येईल, कारण ते असलेली इमेज वाचून, हव्या तेवढ्याच फाइली बदलून, बूटची (डिस्कवरूनच संगणक सुरू करण्याची) मांडणी सांभाळून परत लिहू शकते. बूट होणाऱ्या डिस्कसाठी 1995 मध्ये ठरलेली एल टोरिटो नावाची वेगळी नोंद असते. फाइली बाहेर काढून, फोल्डरची साधी इमेज परत केली की ती हरवते, आणि लिनक्सची सीडी दिसायला पूर्ण असूनही सुरू होत नाही. झोरिसो आज्ञा टाइप करून चालते, हा त्याचा दोष मानला जातो. ज्यांना खिडक्यांचीच सवय आहे त्यांच्यासाठी लिनक्सवरचे आयएसओ मास्टर आहे.

एवढे सगळे असूनही सीमाभागातील जुन्या साठ्याचा मोठा हिस्सा या चर्चेबाहेर राहतो, कारण तो व्हीसीडीचा, म्हणजे चित्रफीत भरलेल्या साध्या सीडींचा आहे. डीव्हीडी स्वस्त होईपर्यंत लग्नाची, नाटकाची, कीर्तनाची चित्रफीत व्हीसीडीवरच मिळे. 80 मिनिटांच्या चकतीवर 3,60,000 सेक्टर असतात. माहितीच्या साध्या सेक्टरमध्ये 2,048 बाइट उपयोगाचे असतात आणि उरलेल्या जागेत चुका दुरुस्त करण्याची तजवीज असते. व्हीसीडीच्या चित्रफितीने ती तजवीज सोडून प्रत्येक सेक्टरमध्ये 2,324 बाइट भरले. म्हणून 700 एमबीच्या चकतीवर सुमारे 800 एमबीची चित्रफीत मावते, आणि म्हणूनच 2,048 बाइटांच्या हिशेबाने चालणारी आयएसओ फाइल तिच्यासाठी अपुरी पडते. व्हीसीडीची प्रत संपूर्ण 2,352 बाइटांचे सेक्टर जपणाऱ्या बिन-क्यू जोडीतच घ्यावी लागते. विंडोज ती स्वतः उघडत नाही, विनसीडीईमू उघडते. लिनक्सवर सीडीईमू आहे, आणि आतली चित्रफीत बाहेर काढण्यासाठी ग्नू व्हीसीडीइमेजर या संचातील साधन आहे. चुका दुरुस्त करण्याची तजवीज मुळातच कमी असल्याने ओरखडलेली व्हीसीडी त्याच वयाच्या माहितीच्या सीडीपेक्षा आधी दगा देते. कपाटातला क्रम लावायचा झाला तर प्रती घ्यायला तिच्यापासून सुरुवात करावी.

डीव्हीडीवरील चित्रफितीची अडचण वेगळी आहे. तिथे आयएसओ 9660 च्या जोडीला यूडीएफ ही दुसरी मांडणीही असते आणि आयएफओ या सूचीवजा फाइलींत चित्रफितीच्या भागांची जागा सेक्टरांच्या अंतराने नोंदवलेली असते. झोरिसो यूडीएफ लिहीत नाही. इथे जेनआयसोइमेजमधील डीव्हीडी-व्हिडिओचा पर्याय किंवा इमेजबर्न वापरावे लागते. एखादे दृश्य गाळून फाइल नुसती बदलली तर संगणकावर ती कदाचित चालेलही, पण ही अंतरे चुकल्यामुळे घरातल्या डीव्हीडी प्लेअरवर अडकेल. अशा वेळी चित्रफीत नव्याने ऑथर करून, म्हणजे डीव्हीडीची सारी मांडणी पुन्हा तयार करून, इमेज बनवणे हाच मार्ग उरतो.