कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी अर्ज : ६ मार्चच्या आधी २४ फेब्रुवारी येते

आपल्याकडे राज्यपाल नेमले जातात. कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर थेट मतदानाने निवडून येतो, म्हणजे कामाने तो आपला मुख्यमंत्रीच. पात्रतेत फार काही नाही : अमेरिकेचं नागरिकत्व, मतदारयादीत नाव, आणि याआधी दोनदा हे पद भूषवलेलं नसावं. जन्म कुठलाही चालतो, माजी गव्हर्नर श्वार्झनेगर ऑस्ट्रियात जन्मले. ग्रीन कार्डावर मात्र उभं राहता येत नाही.

वर्गणीचा पहिला डॉलर घेण्याआधी फॉर्म ५०१ (उमेदवारीचा इरादा जाहीर करणारा) भरा. अर्जाचं शुल्क पदाच्या पहिल्या वर्षीच्या पगाराच्या २ टक्के. ते परत मिळत नाही.

लोक अडकतात ते आयकर विवरणांपाशी. २०१९ च्या कायद्याने मागच्या ५ करवर्षांची विवरणं सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे (राज्याच्या निवडणुका पाहणारा अधिकारी) द्यावी लागतात, तीही प्राथमिक निवडणुकीच्या (मुख्य निवडणुकीआधीची फेरी) ९८ दिवस आधी. उमेदवारी अर्जाची मुदत मात्र ८८ दिवस आधीची. २०२६ मध्ये प्राथमिक निवडणूक २ जूनला, म्हणजे अर्जाला ६ मार्च आणि विवरणांना २४ फेब्रुवारी. सगळ्यांच्या तोंडी ६ मार्च असतो आणि तिथेच घात होतो. विद्यमान गव्हर्नर अर्ज भरत नसेल तर मुदत ५ दिवस वाढते, हेही अर्धवट ऐकलेलं असतं. गव्हर्नर गॅविन न्यूसम यांचे दोन कार्यकाळ झाल्याने ते पुन्हा उभेच राहू शकत नाहीत, त्यामुळे ही वाढ लागू नाही.

प्रत्येक विवरणाच्या दोन प्रती लागतात : एक जशीच्या तशी, दुसरी सोशल सिक्युरिटी नंबर, घरचा पत्ता, फोन वगैरे काळं केलेली. उत्पन्नाचे आकडे झाकता येत नाहीत आणि ही दुसरी प्रत संकेतस्थळावर टाकली जाते. नवरा-बायकोचं विवरण एकत्र असेल तर घरात आधी बोलून घ्या. नुकत्या सरलेल्या वर्षाचं विवरण अजून भरलं नसेल, तर ते भरल्यापासून ५ दिवसांत प्रत द्यायची. २०२१ च्या रिकॉल निवडणुकीत (गव्हर्नरला मुदतीआधी हटवायचं का, यासाठीचं मतदान) उमेदवार लॅरी एल्डर यांचं नाव याच कागदांवरून वगळलं होतं. ही अट रिकॉलला लागू नाही असं कोर्टाने म्हटलं, म्हणून ते वाचले. नियमित निवडणुकीत ही वाट बंद आहे.

सूचकांच्या सह्या किमान ६५, कमाल १००. अगदी ६५ वर थांबू नका. घर बदललेल्या माणसाने मतदारयादीतला पत्ता बदललेला नसतो आणि त्याची सही बाद होते. एका काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) कागदावर दुसऱ्या काउंटीचा मतदार नको. प्रत्येक काउंटीचा कागद वेगळा आणि तो त्याच काउंटीत जमा करायचा.

राहिली मतपत्रिकेवर नावाखाली छापायची ओळख. व्यवसाय असेल तर जास्तीत जास्त तीन शब्द, आणि सोबतचा वेगळा तक्ता भरला नाही तर ती जागा कोरीच राहते. ‘माजी’ चालत नाही, ‘तज्ज्ञ’ चालत नाही. सॅन डिएगोचे माजी महापौर केविन फॉकनर यांनी २०२१ मध्ये ‘निवृत्त महापौर’ लावून पाहिलं. तेही नाकारलं गेलं आणि कोर्टाने तो नकार कायम ठेवला.