मुंबईतला जॅझ: आगबोट, ताजमहाल आणि परमिट रूम

भाचा नोकरीसाठी मुंबईला गेला आणि दोन महिन्यांत त्याचा फोन, मामा, इथे लाईव्ह जॅझ कुठे ऐकायला मिळतो सांग, तू होतास ना इतकी वर्षं. आता मी मुंबई सोडून वेंगुर्ल्याला येऊन बसलो त्याला जमाना झाला, आणि जी जागा आठवावी ती बंद. लोअर परळचं ब्लू फ्रॉग बंद, मरीन ड्राइव्हवरचं जॅझ बाय द बे बंद, रंगभवनात तर मैफली कधीच थांबल्या. मग म्हटलं पोराला नुसती नावं देऊन काय उपयोग, आधी हा जॅझ, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं हे संगीत, मुंबईत आला कसा आणि सारखा घर का बदलतो ते सांगू, कारण त्यात आपल्या किनाऱ्याचा हात मोठा आहे आणि दारूच्या परवान्याचा त्याहून मोठा.

सुरुवात ताजमहाल हॉटेलपासून. 1935 मध्ये लिऑन अॅबी नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवाला आपला अख्खा बँड घेऊन ताजच्या बॉलरूममध्ये आला. त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ हा ट्रम्पेटवाला, टेडी वेदरफोर्ड हा पियानोवाला. स्वतःच्या देशात ज्यांना कित्येक हॉटेलांत पुढच्या दाराने आत घेत नव्हते त्यांच्या तालावर इथे गोरे साहेब, संस्थानिक आणि पारशी शेठ नाचत होते. सामान्य माणसाला अर्थातच तिथे शिरकाव नव्हता, तो बाहेर. वेदरफोर्ड पुढे कलकत्त्याला गेला आणि 1945 मध्ये तिथेच कॉलऱ्याने वारला. पण तोवर ताजच्या स्टेजवर गोव्याची माणसं चांगली रुळली होती. मिकी कोरियाचा बँड तर तिथे 1939 पासून जवळपास दोन दशकं टिकला.

गोव्याचीच माणसं का, तर चर्चच्या शाळा. पोर्तुगीज काळापासून गोव्यात चर्चला लागून गावची शाळा असायची, तिथे पोरांना दो-रे-मी करत कागदावरचे सूर वाचायला शिकवायचे, हातात व्हायोलिन द्यायचे. आपल्याकडे दशावताराचा पेटीवाला किंवा भजनाचा पखवाजवाला सगळं कानाने उचलतो, समोर कागद ठेवला तर तो त्यात भजी बांधेल. हॉटेलवाल्यांना मात्र वाचणारा माणूस हवा होता, संध्याकाळी कागद दिला की रात्री वाजवणारा. बाकी कागद वाचता येणं म्हणजे जॅझ येणं नव्हे हेही खरं, कागदाबाहेर जाऊन मनाचं वाजवायला ही पोरं रेकॉर्डी ऐकून आणि त्या अमेरिकनांच्या शेजारी बसून शिकली.

आणि ती मुंबईला आली कशातून, तर आपल्याच आगबोटीतून. पणजीहून सुटायची, मग वेंगुर्ला, मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी, जयगड असं करत मुंबई. वेंगुर्ल्याला बोट बाहेर उभी राहायची, पडावातून हेलकावे खात जायचं आणि मग वर चढायचं. आजोबा सांगायचे की डेकवर एका बाजूला आमची गोणपाटात बांधलेली उकड्या तांदळाची आणि सुक्या मासळीची बोचकी आणि दुसऱ्या बाजूला गोवेकरांच्या पत्र्याच्या ट्रंका, त्यावर फिडलची काळी पेटी, आणि रात्री समुद्र शांत असला तर कोणीतरी ती पेटी उघडायचाच. आजोबांना ते अजिबात आवडायचं नाही, झोपमोड म्हणायचे. मुंबईला उतरलं की वाटा वेगळ्या, आमचे चाकरमानी लालबाग-परळच्या गाळ्यात आणि ते धोबीतलावच्या कुडीत. कूड म्हणजे गावाच्या नावाने चालवलेली खोली, जमिनीवर भिंतीशी प्रत्येकाची ट्रंक, एका कोपऱ्यात आल्तार म्हणजे प्रार्थनेची वेदी आणि संध्याकाळी रोझरीला हजर राहायचा नियम. म्हणजे आधी माळ ओढायची आणि मग सूट चढवून हॉटेलात फॉक्सट्रॉट वाजवायला जायचं, मला हे फार आवडतं.

यातला सगळ्यात मोठा हिरो म्हणजे चिक चॉकलेट. खरं नाव अँतोनियो झेवियर वाझ, गाव हळदोणे. ट्रम्पेट वाजवायचा आणि सगळं लुई आर्मस्ट्राँग या अमेरिकन ट्रम्पेटवाल्यासारखं, तो खरखरीत आवाज, हातातला रुमालसुद्धा. ताजच्या शेजारच्या ग्रीन्स हॉटेलमध्ये त्याचा बँड होता, ते हॉटेल पाडून तिथे आता ताजचा टॉवर उभा आहे.

मग आली दारूबंदी. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि बॉलरूमचं गणितच फिसकटलं. कारण सरळ आहे, बँडचा पगार तिकिटातून निघत नव्हता, गल्ल्यातून निघत होता. ग्लास बंद तर ट्रम्पेट बंद. आजही आपल्याकडे हायवेवरच्या कुठल्याही बारवर 'परमिट रूम' अशी पाटी दिसते ना, ती त्याच कायद्याची शिल्लक, प्यायला परवाना लागतो म्हणून परमिट रूम. कितीतरी जण त्या पाटीखाली आयुष्य काढतात आणि हे माहीत नसतं.

हे वाजवणारे मग गेले कुठे, तर सिनेमात, आणि इथून ही गोष्ट आपल्या सगळ्यांच्या घरात शिरते. सी. रामचंद्र म्हणजे आपले चितळकर अण्णा, त्यांच्या 1951 च्या 'अलबेला'त चिक चॉकलेट आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतो, भगवानदादा पुढे नाचतायत आणि मागे हा. पण बरेचसे कधी दिसलेच नाहीत. काम असं चालायचं की संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवणार, गोवेकर अरेंजर ती तिथल्या तिथे कागदावर उतरवून घेणार, मग कुठे व्हायोलिनचा ताफा, कुठे सॅक्सोफोन, कुठे नुसता ड्रमचा ब्रश हे ठरवून प्रत्येकाचा वेगळा कागद लिहून वाटणार. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, माजोर्ड्याचे अँथनी गोन्सालविस ही त्यातली मोठी माणसं. पडद्यावर नाव संगीतकाराचं. अँथनी गोन्सालविस तर संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालचे व्हायोलिनचे गुरू, म्हणून 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'त त्यांचं नाव गाण्यात आलं, आणि देशभर लोक ते गाणं म्हणत सुटले पण हा खरा माणूस आहे हे फार थोड्यांना ठाऊक.

साठच्या दशकात चर्चगेट स्ट्रीटवर, म्हणजे आताच्या वीर नरिमन रोडवर पुन्हा रंग भरला. अँबॅसेडर हॉटेलात टोनी पिंटो पियानोवर, जवळच अॅस्टोरिया हॉटेलात व्हेनिस हा क्लब, आणि गेलॉर्ड हे रेस्टॉरंट. अमेरिकन सरकारही तेव्हा शीतयुद्धापायी आपले कलाकार जगभर फिरवत होतं, 1958 मध्ये डेव्ह ब्रुबेक येऊन गेला, 1963 मध्ये ड्यूक एलिंग्टन, पुढच्या वर्षी खुद्द आर्मस्ट्राँग. याच काळात मडगावचा संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांनी हा जॅझचा बाज कोकणीत आणला, ती गाणी आमच्या बाजूलाही लग्नात वाजतात, अर्थ निम्मा कळतो पण पाय हलतात.

नंतर डिस्को आला आणि क्लब पुन्हा ओस पडले. 1978 मध्ये निरंजन झवेरींनी धोबीतलावच्या रंगभवनात जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू केला, उघड्यावरचं थिएटर, पहिल्याच वेळी सॉनी रोलिन्स हा अमेरिकन सॅक्सोफोनवाला. इथे हॉटेलचं बिल न भरता साध्या माणसाला जॅझ ऐकता आला, म्हणून मला विचाराल तर मुंबईची जॅझची खरी जागा तीच. पण शेजारी कॉलेज, हॉस्पिटलं, 2000 सालचे आवाजाचे नियम आले आणि तो भाग शांतता क्षेत्रात गेला. हॉस्पिटलातल्या पेशंटचं म्हणणं चूक कसं म्हणणार, पण जागा गेली ती गेलीच.

2007 मध्ये ब्लू फ्रॉग उघडलं ते मथुरादास मिल कंपाऊंडमध्ये. गिरणगावात! आगबोटीतून उतरलेले आमचे लोक ज्या गिरण्यांत राबले, 1982 च्या संपात उद्ध्वस्त झाले, त्याच गिरणगावात तीन पिढ्यांनी त्याच बोटीतल्या दुसऱ्या बाजूचा सॅक्सोफोन. आत पहिल्यांदा गेलो तेव्हा मी स्टेज सोडून छताकडेच बघत बसलो होतो. ते 2016 मध्ये मिटलं.

म्हणून भाच्याला सांगितलं की जागेच्या मागे लागू नकोस, वाजवणाऱ्याच्या मागे लाग. एक ड्रमर किंवा एक पियानोवाला पकड, तो आज इथे उद्या तिथे वाजवतो, त्याच्याबरोबर फिर. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राचं वेळापत्रक बघत जा, तिथे प्यायल्याशिवाय बसता येतं. 30 एप्रिलला जागतिक जॅझ दिन असतो, त्या आठवड्यात काही ना काही असतंच. आणि सुट्टीत गावी आलास की बांद्यावरून गोवा तासाभरावर, तिकडे ऐकू.

पोराने ऐकलं म्हणायचं. परवा एका पियानोवाल्याच्या मागे अंधेरीच्या एका छोट्या जागी गेला, पावसात, दोन गाड्या बदलून. दाराला कुलूप, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिकटवलेला कागद, लायसन रिन्यूअलमुळे आठवडाभर बंद. त्याने फोटो काढून मला पाठवला.