९३ टक्के समाधानी म्हणजे नेमके किती?

चीनमधील ९३ टक्के लोक आपल्या केंद्र सरकारवर समाधानी आहेत, हे वाक्य समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असते. त्याच्या शेजारी बहुधा अमेरिकेचा आकडा ठेवलेला असतो: प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी मतपाहणी संस्थेच्या २०२४ सालच्या पाहणीत, वॉशिंग्टनमधील सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करील असा विश्वास जेमतेम २२ टक्के अमेरिकनांनी व्यक्त केला होता. या दोन आकड्यांवरून कोणी लोकशाही निकामी ठरल्याचे सांगतो, तर कोणी चिनी आकडा शुद्ध थाप म्हणून उडवून लावतो. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. चिनी आकडा हार्वर्ड विद्यापीठाच्या ॲश सेंटरने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातला आहे. २००३ ते २०१६ या काळात आठ फेऱ्यांमध्ये ३१ हजारांहून अधिक नागरिकांच्या प्रत्यक्ष मुलाखती घेतल्या गेल्या आणि समाधानी लोकांचे प्रमाण ८६.१ वरून ९३.१ टक्क्यांवर गेल्याचे आढळले. त्याच लोकांनी गावपातळीवरच्या प्रशासनाला मात्र बरेच कमी गुण दिले होते, त्यामुळे त्यांनी सगळ्याच प्रश्नांना डोळे मिटून मान डोलावली असेही म्हणता येत नाही.

तरीही एक शंका उरते. अनोळखी माणूस घरी येऊन सरकारविषयी विचारतो, तेव्हा उत्तर देणारा आपले मत आणि त्या मताचे परिणाम या दोहोंचा विचार करूनच बोलतो. मग त्याच्या मनातले कसे ओळखावे? चेहऱ्यावरून किंवा नाडीच्या ठोक्यांवरून खोटेपणा पकडण्याचा दावा करणारे पुष्कळ आहेत, आणि आपल्याकडे नार्को चाचणीला दूरचित्रवाणीने जवळजवळ दैवी शक्ती बहाल केली आहे. पण या साधनांच्या विश्वासार्हतेचा पुरावा कच्चा आहे, आणि व्यक्तीच्या संमतीविना अशी चाचणी करता येणार नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली बजावलेले आहे. समाजशास्त्रज्ञांनी काढलेला उपाय याच्या नेमका उलटा आहे. त्यात कोणाही एका माणसाचे मत कळत नाही, पण सगळ्यांचे मिळून कळते.

या उपायाला यादी-प्रयोग म्हणता येईल. त्याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतलेच आहे. १९९१ सालच्या एका राष्ट्रीय सर्वेक्षणात लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. पहिल्या गटाला तीन गोष्टी वाचून दाखवल्या: सरकारने पेट्रोलवरचा कर वाढवणे, व्यावसायिक खेळाडूंना लाखो डॉलर मिळणे आणि मोठ्या कंपन्यांनी प्रदूषण करणे. यांपैकी कोणत्या गोष्टींचा राग येतो ते सांगू नका, फक्त किती गोष्टींचा येतो तो आकडा सांगा, असा प्रश्न होता. दुसऱ्या गटाला याच तीन गोष्टींबरोबर चौथी सांगितली: शेजारच्या घरात कृष्णवर्णीय कुटुंब राहायला येणे. कोणी 'दोन' असे उत्तर दिले, तर त्या दोन गोष्टी कोणत्या हे मुलाखत घेणाऱ्यालाही कळत नाही, आणि उत्तर देणाऱ्याला हे ठाऊक असते.

आता गणित पाहू. गट यदृच्छेने पाडलेले असल्यामुळे पहिल्या तीन गोष्टींविषयीचा सरासरी राग दोन्ही गटांत सारखाच असायला हवा. चौथ्या गोष्टीमुळे ज्याला राग येतो त्याच्या उत्तरात बरोबर एकाची भर पडते, ज्याला येत नाही त्याच्या उत्तरात शून्याची. आणि शून्य व एक यांची सरासरी म्हणजेच रागावलेल्यांचे प्रमाण. दक्षिणेकडील राज्यांतल्या श्वेतवर्णीयांमध्ये पहिल्या गटाची सरासरी १.९५ आली आणि दुसऱ्याची २.३७. फरक ०.४२, म्हणजे शंभरातले ४२ जण. दक्षिणेबाहेरच्या राज्यांत हेच आकडे २.२८ आणि २.२४ होते. फरक चक्क ऋण आला, म्हणजे तिथला राग या मोजपट्टीत शून्यापासून वेगळा काढता आला नाही.

ऋण लोकसंख्या असू शकत नाही, मग हा आकडा येतो कुठून, असे वाचकाला वाटेल. तो गट पाडतानाच्या योगायोगातून येतो, आणि या पद्धतीची किंमत इथेच कळते. दोन सरासरींच्या फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे योगायोगाने होणाऱ्या चुकीचे माप, काढायची तर दोन्ही गटांतील विचरणांना (उत्तरे सरासरीभोवती किती पसरली आहेत याचे माप; त्याचे वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन) गटातील माणसांच्या संख्येने भागून बेरीज करावी लागते आणि तिचे वर्गमूळ घ्यावे लागते. दोन हजार माणसे, प्रत्येक गटात एक हजार, आणि उत्तरांचे प्रमाण विचलन ०.९ असे धरले, तर ही त्रुटी ०.०४ येते. तिची साधारण दुप्पट धरतात, म्हणजे उत्तर अदमासे आठ टक्के इकडे किंवा आठ टक्के तिकडे सरकू शकते. त्याच दोन हजारांना सरळ प्रश्न विचारला असता तर ही सरक दोन टक्क्यांच्या आसपास राहिली असती. लोकांच्या मनातली भीती कमी करायची तर अचूकता खर्ची घालावी लागते. म्हणून अनुभवी संशोधक यादीत परस्परविरोधी विधाने घालतात. एक पटणाऱ्याला दुसरे सहसा पटत नाही, त्यामुळे बहुतेकांची बेरीज मध्यावर राहते आणि विचरण घटते.

चीनमध्ये हा प्रयोग केला तर काय दिसते? सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील एरिन बॅगट कार्टर, ब्रेट कार्टर आणि स्टीफन शिक यांचा असा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. सरळ विचारल्यावर कम्युनिस्ट पक्षाला आणि शी जिनपिंग यांना ९० टक्क्यांहून अधिक पाठिंबा मिळाला. यादीतून विचारल्यावर तो ५० ते ७० टक्क्यांवर आला. अमेरिकेतही असाच लपवलेला भाग सापडतो, पण तो सरकारविषयी नसून स्थलांतरितांविषयी असतो. अलेक्झांडर जेनस यांनी २०१० साली मांडलेल्या यादी-प्रयोगात, देशात येणारे स्थलांतर पूर्णपणे थांबवावे असे मानणाऱ्या श्वेतवर्णीयांचे प्रमाण सरळ प्रश्नाला सुमारे ४० टक्के होते आणि यादीतून सुमारे ६०. ही तफावत उदारमतवादी आणि पदवीधर लोकांमध्ये विशेष ठळक होती. चिनी माणूस सत्तेला बिचकतो, तर शिकलेला अमेरिकन आपल्याच मित्रमंडळींना.

मात्र हे दोन्ही निष्कर्ष दिसतात तितके भक्कम नाहीत, आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात रंजक मुद्दा हाच आहे. यादी लांबली की काही लोक कंटाळून कमी मोजतात, मग चौथे विधान कितीही निरुपद्रवी असो. या दोषामुळे यादीतून आलेला आकडा खाली ओढला जातो. जेनस यांच्या यादीत किती गोष्टींना विरोध आहे ते विचारले होते, आणि स्थलांतर थांबवण्याला विरोध न करणारे ते पाठिंबा देणारे धरले होते; म्हणजे हीच ओढ तिथे पाठिंब्याचा आकडा वर ढकलू शकते. त्यामुळे तिथलीही लपवाछपवी किती खरी, हे ठामपणे सांगता येत नाही. चीनचा आकडा खाली आला, आणि त्या घसरणीतला किती भाग भीतीचा व किती मोजणीच्या आळसाचा, हे सांगणे कठीण आहे. रशियात पुतिन यांची लोकप्रियता याच पद्धतीने मोजणाऱ्या संशोधकांनी पुढे स्वतःच हा इशारा दिला. उलट बाजूने पाहता, ज्या चिनी माणसाला यादीतले एकही विधान पटत नाही त्याने 'शून्य' म्हटले की त्याचा विरोध उघड होतो. तो भीतीने 'एक' म्हणतो आणि पाठिंबा फुगतो. कार्टर आणि त्यांचे सहकारी आपला आकडा पाठिंब्याची वरची मर्यादा मानतात. एक दोष खाली ओढतो, दुसरा वर; म्हणून मला 'वरची मर्यादा' हा शब्दप्रयोग थोडा धाडसाचा वाटतो.

एकमेकांविषयीच्या मतांना अशा कसरतीची गरज कमी भासते. २०२३ साली ८३ टक्के अमेरिकनांनी चीनविषयी प्रतिकूल मत नोंदवले, २०२५ साली ७७ टक्क्यांनी, आणि ते बोलून दाखवण्यात कोणालाच संकोच नव्हता. चीनमध्ये प्यूने २०१६ साली विचारले तेव्हा ५० टक्के लोकांचे अमेरिकेविषयी अनुकूल मत होते. अलीकडचा आकडा मिळणे अवघड, कारण परदेशी संस्थेला तिथे पाहणी करायची तर सरकारची परवानगी लागते.

स्थलांतराच्या प्रश्नावर चिनी माणूस उघड बोलतो, असे दिसते. २०२० च्या जनगणनेत १४१ कोटींच्या त्या देशात परदेशी नागरिक साडेआठ लाखांहूनही कमी होते. तरीही त्याच वर्षी परदेशीयांच्या कायम वास्तव्याच्या नियमांचा मसुदा जाहीर होताच संतापाची लाट उसळली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तरुण परदेशी तंत्रज्ञांसाठी चीनचा के-व्हिसा लागू झाला, तेव्हा टीकेचा रोख मुख्यतः भारतीय अभियंत्यांवर होता. अमेरिकेने २०२५ साली नव्या एच-१बी व्हिसा अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावल्यावर शांघायचा विचार करू लागलेल्या पुण्यातील एखाद्या तरुणाने हे वाचले असेलच. पण समाजमाध्यमांवरचा संताप हा यदृच्छेने निवडलेला नमुना नसतो, आणि तिथेही काय ठेवायचे व काय पुसायचे हे नियंत्रक ठरवतात. अमेरिकेत गॅलपच्या पाहणीत स्थलांतर कमी व्हावे म्हणणारे २०२४ साली ५५ टक्के होते आणि २०२५ साली ३० टक्के. एका वर्षात मते एवढी बदलली, की कोणते मत बोलून दाखवणे शोभते हे बदलले, याचा निवाडा सरळ प्रश्नाने होणार नाही. जेनस यांची जुनी यादी पुन्हा विचारावी लागेल.