आल्याच्या रसातले कण यकृताच्या औषधापर्यंत कसे आले

यकृताच्या आजारावर झाडपाल्याचे उपाय जगभर फार पूर्वीपासून होत आले आहेत. आता काही संशोधक वनस्पतीतला एखादा रेणू वेगळा काढण्याऐवजी तिच्या पेशींतल्या सूक्ष्म पुटिकाच (इवल्या पिशव्याच) औषध म्हणून वापरून पाहत आहेत. स्निग्ध रेणूंचं दुपदरी आवरण, आत प्रथिनं, छोटे आरएनए (पेशीत जनुकांचे निरोप वाहणारे आणि त्यांचं काम आवरणारे रेणू) आणि त्या वनस्पतीची खास रसायनं, आणि आकार साधारण ५० ते काहीशे नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर), अशा या पुटिका असतात. (वनस्पतीचा अर्क वापरून चांदी-सोन्याचे नॅनोकण करतात, ते वेगळे. नावात गल्लत होते म्हणून आधीच सांगितलेलं बरं.)

रेणू वेगळा काढण्याची वाट कुठे अडली, ते सिलिमारिनकडे पाहिलं की कळतं. मिल्क थिसल या काटेरी झाडाच्या बियांतलं हे मिश्रण जर्मनीत १९६० च्या दशकात वेगळं केलं गेलं. प्रयोगशाळेत ते यकृताच्या पेशींना वाचवतं. पण पाण्यात जेमतेम विरघळतं आणि आतड्यातून रक्तात फारसं उतरत नाही. २०१२ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत जुनाट हिपॅटायटिस सी असलेल्या १५४ रुग्णांना नेहमीपेक्षा मोठ्या मात्रेत सिलिमारिन किंवा प्लासिबो (औषध नसलेली नकली गोळी) दिलं गेलं. २४ आठवड्यांनंतर यकृताला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या एएलटी या विकराच्या पातळीत सिलिमारिन घेणारे आणि प्लासिबो घेणारे यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही.

पुटिकांची गोष्ट तोवर दुसरीकडेच चालू होती. १९६७ मध्ये हॅल्पेरिन आणि जेन्सन या संशोधकांनी गाजराच्या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा पेशीच्या पटलाबाहेर अशा पुटिका दिसल्या होत्या. त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. वनस्पतीच्या पेशीला जाड भिंत असते, तिच्यातून असं काही पलीकडे जाईल कसं, हा प्रश्न होताच. प्राण्यांच्या बाबतीत १९८३ मध्ये कोवळ्या तांबड्या पेशींतून पुटिका बाहेर पडताना दिसल्या आणि त्यांवर काम करणाऱ्या संशोधक रोझ जॉन्स्टोन यांनी १९८७ मध्ये त्यांना ‘एक्सोसोम’ म्हटलं. पण त्याही बरीच वर्षं पेशीचा केरकचरा समजल्या गेल्या. २००७ मध्ये त्यांत एका पेशीचा निरोप दुसरीकडे नेऊ शकणारा आरएनए सापडला आणि सगळं चित्र पालटलं. दोनच वर्षांनी अर्जेंटिनातल्या गटाने सूर्यफुलाच्या बियांतल्या पेशीबाह्य द्रवात तशाच पुटिका दाखवल्या.

वनस्पतींच्या पुटिकांचं संशोधन औषधाकडे वळवलं ते मुख्यतः अमेरिकेतल्या लुइव्हिल विद्यापीठातल्या हुआंग-गे झांग यांच्या गटाने. २०१३ मध्ये त्यांनी ग्रेपफ्रूटच्या पुटिकांतले स्निग्ध रेणू घेऊन औषध वाहून नेणारे कण बनवले. २०१५ मध्ये आलं आलं, आणि यकृतही.

कृती कागदावर सोपी वाटते. आल्याचा रस काढायचा, सेंट्रीफ्यूजमध्ये (वेगाने गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) आधी हळू फिरवून चोथा खाली बसवायचा, मग गुरुत्वाच्या सुमारे लाखपट जोराने फिरवायचं. तळाशी बसलेला गाळ साखरेच्या कमी-जास्त घट्ट द्रावणांच्या थरांवर सोडून पुन्हा फिरवला की पुटिका थरांच्या सांध्यावर पट्ट्यासारख्या जमतात. हे कण उंदरांना तोंडावाटे दिल्यावर यकृताच्या पेशींत पोहोचले. तिथे त्यांनी एनआरएफ२ हे प्रथिन जागं केलं. विषारी द्रव्यं निकामी करणारी जनुकं त्याच्या हुकमात असतात. दारूमुळे होणारी यकृताची हानी त्यामुळे कमी झाली. यात आल्यातल्या शोगाओल या तिखट रसायनाचा वाटा असल्याचंही त्याच प्रयोगात दिसलं, म्हणजे अखेर रेणूच. फक्त या वेळी आपल्या मूळच्या वेष्टनातून आलेला.

यकृतच का, याचं उत्तर शरीररचनेत आहे. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश रक्त आतड्याकडून पोर्टल शिरेवाटे येतं, आणि तिथल्या कुप्फर पेशी रक्तातले बारीक कण पकडून गिळतात. इतर अवयवांसाठी नॅनोऔषधं बनवणाऱ्यांची ही कायमची डोकेदुखी. निम्म्या वाटेवरच माल अडतो. यकृताचं औषध बनवणाऱ्याला मात्र तीच सवय पथ्यावर पडते.

मला या इतिहासातला सावध करणारा भाग वाटतो तो २०१२ चा. भातातला एक मायक्रोआरएनए (जनुकांचं काम आवरणारा छोटासा आरएनए) खाण्यातून उंदराच्या यकृतात पोहोचून कोलेस्टेरॉलशी निगडित जनुकावर परिणाम करतो, असं चीनमधल्या नानजिंगच्या संशोधकांनी मांडलं. खळबळ उडाली, पण इतर प्रयोगशाळांना तो निष्कर्ष पुन्हा मिळेना. पुटिकांतल्या आरएनएबद्दलचे दावे वाचताना हे आठवणीत ठेवावं लागतं.

दुसरी अडचण रस काढण्यातच आहे. आलं वाटलं की पेशी फुटतात, त्यामुळे हाती येणाऱ्या कणांतले किती खरोखर पेशीने बाहेर सोडलेले आणि किती फुटलेल्या पटलांचे तुकडे, हे सांगणं कठीण. म्हणून आता बरेच जण ‘एक्सोसोम’ न म्हणता ‘एक्सोसोमसदृश’ म्हणतात. आजवरचा बहुतेक पुरावा उंदरांचा आणि काचेतल्या पेशींचा आहे. औषध म्हटलं की प्रत्येक खेपेला आत तेच आणि तेवढंच हवं, आणि आल्याचं वाण बदललं की आतला मालही बदलू शकतो. काही गटांनी यावर तोडगा म्हणून पुटिकांतले स्निग्ध रेणू तेवढे काढून त्यांचे नवे कण घडवले आणि आत स्वतःला हवं ते औषध भरलं. अशा कणात वनस्पतीचं आवरण तेवढं उरतं.